वर्षभर हात न लागलेलं

४ मार्च, सोमवार

लेकीनं फोनवर फर्मान काढलं म्हणून ही वही. "आई, डोक्यात जे भणभणतंय ते सगळं कागदावर उतरव. मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरव." मी म्हटलं, कालपर्यंत तुझ्या चपला सापडत नव्हत्या तुला, आणि आज माझं डोकं आवरायला निघालीस? ती हसली. मला काही हसू आलं नाही.

कारण गेल्या आठवड्यात झालं ते हसण्यासारखं नव्हतं. मी कवळ्या करते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन माझ्याकडे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा करते आणि त्या साच्यावर दात बसवते. अर्धं आयुष्य या कामात गेलं, पण एकाची कवळी दुसऱ्याच्या डबीत कधी गेली नव्हती. ती शुक्रवारी गेली. एका धिप्पाड बँक मॅनेजरांच्या तोंडात कुणा चिमुकल्या आजीबाईंचे दात बसवायला आमच्या डॉक्टरीणबाई बराच वेळ झटत होत्या म्हणे. मॅनेजर बिचारे सहन करत बसले. त्यांना वाटलं नवीन आहे, टोचणारच.

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही दमलाय."

तर डोक्यात काय काय आहे? बड्या डॉक्टरांना द्यायचं उत्तर. लेकीची परीक्षा. नवऱ्याचं गुडघेदुखीचं रडगाणं. गळणारा नळ. अण्णा. वडिलांचं तसं काही विशेष नाही, दादा-वहिनीकडे आहेत, तब्येत ठणठणीत आहे. फक्त रोज संध्याकाळी तिकडे जायचं म्हणजे दिवस मोडतो.

६ मार्च, बुधवार

बड्या डॉक्टरांचा आज परत फोन. त्यांचे दवाखाने गावोगावी आहेत. आता ते एक मोठी प्रयोगशाळा काढतायत, इथून गाडीनं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, आणि तिची प्रमुख म्हणून त्यांना मी हवी आहे. हाताखाली माणसं, काचेचं केबिन, सगळं यंत्रांवर. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. "तुमच्या हाताला तोड नाही," असं म्हणाले. आजीबाईंच्या दातांची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

नवऱ्याला विचारलं. म्हणाला, "तू जा बिनधास्त. मी अंडी उकडून खाईन." पोटापलीकडे या माणसाची काळजी जात नाही. पण मनापासून म्हणाला, हेही खरं.

मला जायचंय. लिहूनच टाकते. खूप जायचंय.

९ मार्च, शनिवार

लेकीनं एक नियम सांगितला होता: ज्याला वर्षभर हात लागला नाही ते टाकायचं, आणि अपवाद करायचा नाही. वस्तूंनाही तोच नियम आणि डोक्यातल्या गोष्टींनाही. मला पटला. अपवाद करत बसलं की माणूस पुन्हा तिथंच येतो.

नळाला माणूस बोलावला. नवऱ्याला गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे धाडलं. तीन वर्षं न बोललेल्या एका मैत्रिणीला मनातून रजा दिली. आणि अण्णांकडे रोज न जाता फक्त रविवारी जायचं ठरवलं. रोज जाऊन मी करते काय? ते खिडकीशी बसलेले असतात, मी समोर बसून कामाचे फोन घेते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच जावं, पण नीट जावं.

अण्णा पोहायला शिकवायचे. सार्वजनिक तलावावर पस्तीस-चाळीस वर्षं. या गावातली निम्मी माणसं त्यांनी पाण्यात उतरवली असतील. आता मात्र बोलता बोलता वाक्य मध्येच सुटतं आणि मग ते आपल्याकडे असे बघतात की जणू ते आपणच हरवलं. परवा मला दारात बघून म्हणाले, "या बाई, बसा." झोपेतून उठले होते आणि खोलीत उजेडही फारसा नव्हता.

वहिनीला फोन करून सांगितलं की यापुढे रविवारी येईन. ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं.

१३ मार्च, बुधवार

आज कामाच्या खोलीतली फळी साफ केली. प्लास्टरचे साचे पार छतापर्यंत गेले होते. जुने, पिवळे पडलेले, धुळीनं माखलेले. नुसत्या हिरड्या आणि टाळू. त्यांतली किती माणसं आता राहिलीही नसतील. पुन्हा लागेल, पुन्हा लागेल करत मी हे सगळं डोक्यावर घेऊन बसले होते.

पोती भरली. एकेक साचा पडताना असा आवाज यायचा की आत काहीतरी सैल व्हायचं. खोकून खोकून जीव गेला, पण हात थांबेनात.

अण्णांचाही साचा होता. पेन्सिलीनं नुसतं 'अण्णा' लिहिलेला. दोन वर्षांपूर्वी त्यांची आत्ताची कवळी केली तेव्हाचा. जरा वेळ हातात धरला. कवळी झकास बसलीय, तक्रार नाही, मग साच्याचं लोणचं घालायचंय का? नियम म्हणजे नियम. टाकला.

फळी आता स्वच्छ आहे. पुसल्यावर तिचा मूळचा हिरवा रंग दिसला. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. लेकीला फोटो पाठवला. तिनं टाळ्या पाठवल्या.

१७ मार्च, रविवार

अण्णांकडे गेले. फोन पर्समध्ये बंद करून ठेवला होता. ठरवल्याप्रमाणे नीट.

ते सफरचंद खात होते. कापलेलं त्यांना चालत नाही, अख्खं हातात घेऊन कराकरा चावायचं. माझ्याच दातांनी खातायत म्हणून मला नेहमी गंमत वाटते. मला बघून त्यांनी सफरचंद खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि मान लववून नमस्कार केला. मग वहिनीला हळूच विचारलं, "या कोण?" वहिनी पटकन म्हणाली, "अहो, तुमची लेक." ते म्हणाले, "हो का? वा, वा." डोळ्यांवर चष्मा नव्हता त्यांच्या.

मी लवकर निघाले, कारण दादाकडे पाहुणे यायचे होते. वहिनी म्हणाली, "पाहुणे रात्री जेवायला आहेत, आत्ता पाच वाजलेत." म्हटलं, तुला आवरायला वेळ नको का? ती दारापर्यंत आली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण जिन्यात शेजारीण भेटली आणि राहून गेलं.

घरी येऊन बड्या डॉक्टरांना लिहिणार होते की येते म्हणून. डोकं दुखायला लागलं म्हणून उद्यावर टाकलं.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी वहिनीचा फोन. रडत होती. अण्णांनी रात्री कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली, रुमाल ताटलीत ठेवला, आणि ताटली आवरणाऱ्या मोलकरणीनं कचऱ्यात टाकला. कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावर लक्षात आलं. दादा गाडीमागं धावला, अगदी कचरा टाकतात तिथवर जाऊन आला. त्या डोंगरात काय सापडणार!

"पण तुझ्याकडे साचा असेल ना?" वहिनी म्हणाली. "तू तर सगळे साचे ठेवतेस."

म्हटलं, टाकला. गेल्याच आठवड्यात टाकला.

तर तीच मला धीर द्यायला लागली, "असू दे गं, नवीन ठसा घेऊ. त्यात काय एवढं." तिला माहीत नाही त्यात काय ते. ठसा घ्यायचा म्हणजे तोंडात गार, चिकट लगदा भरलेली लोखंडी पळी घालायची आणि तो घट्ट होईपर्यंत हलू द्यायचं नाही. शहाण्यासुरत्या माणसांना उमासे येतात. आणि अण्णा हल्ली न्हाव्यालासुद्धा हनुवटीला हात लावू देत नाहीत.

माझ्यासारख्या कामातल्या बाईनं स्वतःच्या वडिलांचा साचा टाकावा? दुसऱ्या कुणी टाकला असता तर मी त्याला उभा सोलला असता.

२३ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाई घरी आल्या. गोड बोलल्या, वेळ घेतला. अण्णांनी ओठ असे घट्ट मिटले की कड पांढरी पडली. दुसऱ्यांदा दादानं खांदे धरले तर त्यांनी पळी भिरकावली आणि लगदा डॉक्टरीणबाईंच्या अंगावर उडाला. तिसऱ्यांदा ते रडले. आवाज न करता. माझे वडील रडताना मी कधी पाहिले नव्हते, आई गेली तेव्हासुद्धा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जबरदस्ती नको. पुन्हा कधीच तोंड उघडणार नाहीत." मी दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहिले.

२५ मार्च, सोमवार

खात नाहीत. सूप दिलं तर दोन चमचे घेऊन मान फिरवतात. मऊ केलेलं काहीही ताटलीत आलं की अपमान झाल्यासारखे बघतात. आणि बोलणं तर बंदच. तोंडावर आडवा हात धरून बसतात. जो माणूस तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचा, तो पाणी हवं असलं तरी बोटानं दाखवतो. त्यांच्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर महिना-दीड महिन्यात अंथरूण धरतील, आणि मग उठवणं कठीण.

आज स्वयंपाकघरात वहिनी एकदाची बोलली. भांडी विसळत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते तुला ओळखत नाहीत, हे तुला केव्हाच कळलंय. म्हणून तू यायची कमी झालीस. मी रागावले नाहीये. मला ओळखत नाहीत तर मला काही वाटत नाही, मी सून. तू लेक आहेस."

मी म्हणाले, "काहीतरीच काय, माझं काम केवढं वाढलंय बघतेयस ना."

"हो," ती म्हणाली. "ते ताट पूस."

मी ताट पुसलं. मग ओट्याला टेकून रडले. ती माझ्या पाठीवरून ओला हात फिरवत राहिली. ब्लाउज सगळा भिजला.

काम वाढलं नव्हतं. 'या बाई, बसा' हे रोज ऐकायची माझी छाती नव्हती. डोक्यातली सगळी अडगळ या एकाच गोष्टीवर रचलेली होती, ती दिसू नये म्हणून. नळ, गुडघा, मैत्रीण, साचे, सगळं भराभर बाहेर काढलं, आणि हिच्यापाशी आल्यावर हिलाच रविवारवर ढकललं. काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायला निघाले होते म्हणे मी!

२६ मार्च, मंगळवार

काम डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतल्या दुसऱ्या माणसाकडे दिलं आणि सकाळपासून अण्णांकडे. नुसती बसले. त्यांनी विचारलंच तर सांगणार होते की मी दातांचं काम करते. त्यांनी विचारलं नाही. दुपारी माझ्याकडे बघून खुर्ची जरा सरकवली. माझ्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून असेल.

२८ मार्च, गुरुवार

आज ठसा घेतला.

डॉक्टरीणबाई सामान घेऊन आल्या होत्या, पण म्हणाल्या, मी मागं थांबते, तुम्ही बघा. मी अण्णांसमोर स्टुलावर बसले. रिकामी पळी नुसती हातात धरली, त्यांना सवय व्हावी म्हणून. हात इतका थरथरत होता की पळी माझ्या अंगठीवर वाजायला लागली. अण्णा बघत होते. मग त्यांनी तोंडावरचा हात काढला. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला. दातांशिवाय, बोबडा.

"घाबरलात?"

मी म्हटलं, "हो."

"पहिलाच दिवस?"

काय सांगणार? पुन्हा हो म्हटलं.

ते खुर्चीत सरळ बसले. कुठून आलं कुणास ठाऊक, पण पाठीचा कणा ताठ, खांदे मागं. तलावाच्या काठावर उभे राहायचे तसे. माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि म्हणाले, "सगळे घाबरतात. जे घाबरत नाहीत तेच बुडतात. खांदे सोडा. जबडा सैल. असा."

मी तोंड उघडलं. त्यांनी डाव्या हातानं माझी हनुवटी खालून धरली आणि उजव्यानं पळी माझ्या तोंडात ठेवली. अगदी बेताची, कुठंही टोचली नाही. "नाकानं श्वास घ्या. मोजू नका, नुसता घ्या. मी धरलंय. मी सोडणार नाही."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंडात पळी, त्यामुळे हुंदकाही देता येईना. अण्णा अजिबात गडबडले नाहीत. त्यांच्यासमोर आजवर हजार पोरं रडली असतील. "रडा खुशाल," म्हणाले. "रडतानासुद्धा श्वास चालूच असतो, बघा."

मग त्यांनी पळी काढली आणि हातातल्या रुमालानं माझं तोंड पुसलं. आणि माझ्या कपाळावर आलेले केस कानामागं सारले. शिकायला आलेल्या बायकांचे केस ते काही सारत नसत. सवयीनं गेला असेल हात.

मी म्हटलं, "आता तुम्ही."

"मला येतंय हो," ते म्हणाले. आणि तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाईंनी मागून दुसरी पळी भरून माझ्या हातात दिली. मी त्यांची हनुवटी धरली. लगदा गार लागल्यावर त्यांचे डोळे विस्फारले, बोटं माझ्या मनगटावर आवळली. मी म्हटलं, "नाकानं श्वास. मी धरलंय." ते माझ्याकडे बघत नाकानं श्वास घेत राहिले. वरचा झाला. मग खालचाही. दारात वहिनी पदर तोंडाशी धरून उभी होती.

३१ मार्च, रविवार

बड्या डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं, म्हटलं घरचं आहे, वडील थकलेत. ते म्हणाले, "वडिलांना सांभाळायला माणसं मिळतात." मिळतात की.

यात मोठेपणा वगैरे काही नाही. फोन ठेवल्यावर दुपारभर चडफडत होते. काचेचं केबिन डोळ्यांसमोरून हलेना. नवरा म्हणाला, "मग काय, अंड्यांचा बेत रद्द?" त्याच्या अंगावर उशी फेकली. मग त्यानं चहा केला, साखर विसरला, आणि आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

अण्णांची कवळी मीच करतेय, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दात रचताना जुन्या फोटोत त्यांचं हसणं बघते. समोरचे दोन जरा जास्त दिसायचे. तसेच बसवले.

५ एप्रिल, शुक्रवार

आज कवळी बसवली. पहिल्यांदा एका जागी टोचली, घासून दिली, मग बसली. अण्णांनी जीभ सगळीकडून फिरवून पाहिली, तपासायला आलेल्या साहेबासारखी. वहिनीनं सफरचंद आणून दिलं. त्यांनी चावा घेतला. आवाज झाला तसा दादा बाल्कनीत निघून गेला. तिथं त्याचं काही काम नव्हतं.

अर्धं संपल्यावर अण्णा बोलायला लागले. अगदी स्वच्छ.

"बाई, काम सुबक आहे तुमचं."

म्हटलं, "आवडलं ना?"

"फार सुंदर. माझी मुलगीही हेच काम करते. तिचा हातही असाच हलका आहे."

दादा अजून बाल्कनीतच होता, वहिनी आत गेली होती. मी स्टूल जरा जवळ ओढलं. विचारू नये असं वाटत होतं, पण विचारलं. "येते का ती भेटायला?"

"फार कामात असते हो. बिचारीच्या डोक्याला शंभर व्याप." सफरचंदाचा दुसरा चावा त्यांनी सावकाश चावला. "मी बोलावत नाही. आपण बोलावलं की पोरं जिवाला लावून घेतात. जरा रिकामी झाली की येईल."

"आणि नाही आली तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदी बावळटासारखं विचारलंय. "येईल. माझीच मुलगी आहे ती."

मी खिडकीकडे तोंड करून बसले. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. जरा वेळानं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्हाला घाई आहे का?"

"नाही."

"मग ती येईपर्यंत बसाल का?"

मी म्हटलं, बसते.